सड्यावर झाडं लावायची का?

गुरुवारी रात्री तिठ्यावरच्या पारावरून उठायला दहा वाजले. विषय सड्याचा, म्हणजे गावाच्या जांभ्या कातळाच्या माळाचा. तिथे आकेशिया लावायचा ठराव येत्या ग्रामसभेत येतोय आणि बाळूदादा त्याच्या बाजूने ठाम आहे.

"सडा नुसता ओसाड पडलाय. झाडं लावली की पातेरा (वाळका पाला) पडेल, कुजेल, मातीत कर्ब (कार्बन) वाढेल. ह्यात अडतंय कुठे?"

मला राहवेना. ओसाड कशाला म्हणायचं? श्रावणात तिथे पोटरीभर गवत असतं आणि त्याची बारीक मुळं दरवर्षी मरून तिथेच मुरतात. झाडाचा कर्ब खोडात उभा दिसतो. गवताचा मातीखाली असतो, म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाही. त्यात कातळावर माती असून असून केवढी! खड्डे मारायचे म्हणजे तीच उलथायची. उलथलेल्या मातीतला जुना कर्ब लवकर कुजून हवेत जातो आणि रोपं पहिली काही वर्षं पातेरा देतात तो ओंजळभर. म्हणून लागवडीनंतर बऱ्याच ठिकाणी मातीतला कर्ब आधी घटतो आणि मग हळूहळू भरून येतो.

"हे तू म्हणतोस. मोजलंय कोणी?" वैभवने विचारलं. तो कृषी पदवीधर, त्याला आकडा लागतो.

मोजलंय. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी जगभरातले 74 अभ्यास एकत्र करून 2002 साली निष्कर्ष मांडले. शेतजमिनीवर झाडं लावली तिथे मातीतला कर्ब सरासरी 18 टक्के वाढला. गवताळ कुरणावर लावली तिथे सरासरी 10 टक्के घटला. नैसर्गिक जंगल काढून लागवड केली तिथे 13 टक्के घट.

"थांब," वैभव म्हणाला, "कुरणावरची ती घट पाईनच्या लागवडीची. रुंद पानांच्या झाडांखाली फारसा फरक पडला नव्हता."

त्याचं बरोबर होतं, मी ते मान्य केलं. पण फरक पडला नाही म्हणजे वाढही झाली नाही ना? मग कर्ब वाढेल म्हणून सड्यावर कशाला लावायचं? वर्षानुवर्षं नांगरून झिजलेलं वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे, तिथे लावा. रिकाम्या झालेल्या मातीतच भर पडायला जागा असते.

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांच्या उतारावर आकेशिया आहे, एक तोड होऊन गेलेली. ते म्हणाले, "माती काळी झाली म्हणजे बरी झाली, असा कोण सांगता? माझ्या आकेशियात येऊन बघा."

मी मागच्याच महिन्यात तिथे जाऊन आलोय. आकेशियाचं जे पान आपण म्हणतो ते खरं तर चपटा झालेला देठ, चिवट, लवकर न कुजणारा. हाताने पातेरा बाजूला केला तर वीतभर थर, वरचा करकरीत वाळलेला, खालचा ओलसर, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेला. त्याखाली काळपट माती जेमतेम बोटभर आणि लगेच तांबडी. तिथून हाकेवर देवराई आहे. तिथे पातेरा पातळ, पण काळी माती मनगटापर्यंत खाली गेलेली, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्यांनी भुसभुशीत. पाला पडणं वेगळं आणि तो मातीत उतरणं वेगळं, हे मला त्या दोन खड्ड्यांत दिसलं.

"पण आकेशिया नत्र देतो," बाळूदादा.

देतो. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन घेतो, ते खरंच. पण कॅल्शियम, पालाश (पोटॅशियम) हवेतून येत नाही. अण्णांच्या तोडीचा ट्रक सालीसकट गेला आणि सालीत कॅल्शियम भरपूर असतं. आपल्या तांबड्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) आधीच लोह-अॅल्युमिनियमला धरून बसलेला. उरलेला पातेरा आपण तरवा भाजायला, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजायला नेतो: पालाश, कॅल्शियम राखेतून त्या दाढीला मिळतं, नत्र आणि कर्ब धुरात जातो आणि डोंगराला काहीच परत मिळत नाही. निदान साल आणि फांद्या जागेवर सोडल्या असत्या तरी पुढच्या झाडांना आधार झाला असता.

बाळूदादाने मग खिशातून मृदा आरोग्य पत्रिकाच काढली. काजूबागेची. सेंद्रिय कर्ब भरपूर! पण प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घेतात. आपल्याकडे निम्मा ऐवज जांभ्याचे खडे. टक्केवारी चाळलेल्या मातीची येते, खड्यांची नाही. एकरात कर्ब किती हे काढायचं तर मातीची घनता, थराची खोली आणि खड्यांचा वाटा, तिन्ही धरावे लागतात. हे ऐकून दादा पहिल्यांदा गप्प झाला. पत्रिका घडी करून ठेवताना म्हणाला, "मग सड्यावर खड्यांशिवाय माती आहे तरी किती?"

रविवारी सकाळी आम्ही चौघे पहार, टिकाव आणि घरातली चाळण घेऊन सड्यावर जाणार आहोत. ठराव त्यानंतरच्या ग्रामसभेत आहे.