मल्चिंग पेपर, कागदी कप आणि आमची सोनी

गेल्या ज्येष्ठात आमच्या सोनी गायीनं चारा सोडला. आधी वाटलं उन्हाचं असेल. मग रवंथ करणं बंद झालं, डावी कूस टणक फुगली, दूध दहा लिटरवरून दोनवर आलं. डॉक्टरांनी दोन दिवस औषधं देऊन पाहिली आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यातच, तिला उभी ठेवून, कूस बधिर करून कोटीपोट, म्हणजे चारा साठतो तो पोटाचा मोठा कप्पा, उघडलं. ते खांद्यापर्यंत हात आत घालून ओढत होते आणि मी घमेलं धरून उभी होते. एक घमेलं भरलं, दुसरं लावलं. सुतळी, दुधाच्या पिशव्या, खताच्या गोणीचे धागे, आणि या सगळ्याला वेढून बसलेल्या काळ्या-चंदेरी पट्ट्या. त्या मी लगेच ओळखल्या. आमच्याच टोमॅटोच्या बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, आच्छादन म्हणून अंथरलेला मल्चिंग पेपर होता तो.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "पेपरच होता ना गं तो? मग कुजला कसा नाही?"

त्यांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आपण त्याला पेपर म्हणतो, दुकानात जाऊन पेपरचं बंडल मागतो. आहे मात्र ते पॉलिथिन, बहुतेक वेळा पंचवीस-तीस मायक्रॉनचं, केसाहून पातळ. एक हंगाम ऊन खाल्लं की ठिसूळ होतं, उचलायला गेलं की हातात चुरा येतो. बेड मोडताना बरंचसं रोटाव्हेटरखाली मातीत जातं, उरलेलं बांधावर पेटवतात, नाहीतर वाऱ्यानं ओढ्याला लागतं. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ते तयार होताना मी आमच्या वावरात रोज बघते.

कुणा शेतकऱ्याला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. खुरपणीला बाया मिळत नाहीत, उन्हाळ्यात विहीर अर्धा तास चालते. पेपरखाली ओल टिकते, तण येत नाही. आम्ही तो हौसेनं नाही आणला. पण नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात २०१६ मध्ये गांडुळांच्या खाद्यात पॉलिथिनचे बारीक कण मिसळून पाहिले, तर कणांचं प्रमाण जास्त होतं तिथे गांडुळं जास्त मेली आणि त्यांची वाढ खुंटली. आम्ही एका हातानं गांडूळखत टाकतो आणि दुसऱ्या हातानं हे.

दुसरा असाच शब्द म्हणजे कागदी कप. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, आमच्या फाट्यावरच्या टपरीत कागदी कप आले, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. कागद म्हणजे चांगलंच, असं धरूनच चाललो आपण. पण नुसता कागद चहा धरेल कसा? आतून पातळ पापुद्रा असतो, बहुधा पॉलिथिनचाच. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी असे कप तपासले, निष्कर्ष २०२० मध्ये आले. ८५ ते ९० अंश गरम पाणी, १०० मिली, १५ मिनिटं कपात ठेवलं, तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. दिवसाला तीन कप चहा घेणाऱ्याच्या पोटात ७५,००० कण. आणि आपल्याकडे तोच उकळता चहा पातळ पिशवीत बांधून वावरात नेतात, भेळेसारखी गाठ मारून! खुरपणीच्या बायांना मीच किती वेळा तसा दिलाय.

२०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात २२ निरोगी माणसांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक निघालं. त्याच वर्षी तिथे जनावरांचंही तपासलं. १२ गायी, १२ डुकरं. एकही सुटलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला सोनीची कास आठवली. पोटातला गोळा डॉक्टरांनी काढला, रक्तातलं कोण काढणार?

आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, स्टेंट बसवलाय. त्यामुळे इटलीतला २०२४ चा अभ्यास मी दोनदा वाचला. मानेतली रक्तवाहिनी तुंबलेल्या रुग्णांच्या वाहिन्यांतला मेदाचा थर काढून तपासला. पुढे लक्ष ठेवलेल्या २५७ जणांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं. ज्यांच्यात प्लास्टिक होतं त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचारपट दिसला. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे त्या डॉक्टरांनीच स्पष्ट लिहिलंय आणि मला ते मान्य आहे. पण पुरावा पूर्ण होईपर्यंत अण्णांना मी त्या कपातून चहा देणार नाही. बेडवर, कपात, दुधाच्या पिशवीत आणि त्या माणसांच्या रक्तवाहिनीत पॉलिथिनच. हे कळल्यावर शांत कसं बसायचं?

आमच्यापुरतं काही बदललंय. वावरात चहा किटलीतून जातो, सोबत स्टीलचे पेले. टपरीवाल्या काकांनी काचेचे ग्लास परत काढलेत, गिऱ्हाईक विसळलेला ग्लास घ्यायला नाक मुरडतं ही त्यांची तक्रार खरी आहे, म्हणून आता ते गरम पाण्यातून काढून देतात. वांग्याला यंदा पाचटाचं आच्छादन केलं. टोमॅटोला मात्र पेपरच लागला, एवढं पाचट आणायचं कुठून? या वेळी तो चुरा व्हायच्या आत, पहाटेच्या गारव्यात, आम्ही चौघींनी हातानं गुंडाळून काढला. दोन दिवस मोडले.

सहा गोण्या भरल्यात. विकणारा दुकानदार म्हणतो, "वहिनी, आम्ही परत घेत नाही." भंगारवाला माती लागलेला माल घेत नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. ज्यानं विकला त्यानं तो परत न्यायला हवा, आणि ते बंधनकारक हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर गोण्या गोठ्यामागच्या खोलीत कडी लावून ठेवल्यात, कारण सोनी आता चरायला लागलीय आणि तिला त्या पट्ट्या अजूनही चाऱ्यासारख्याच दिसतात. तुमच्या गावात कुणी मल्चिंग परत घेत असेल तर गाव आणि तालुका लिहा. आम्ही टेम्पो करून घेऊन येऊ.