घरच्या घरी घड्याळाची ट्यूब बदला आणि दुसऱ्याला विका

सर्वात आधी अभिनंदन. डायव्हर घड्याळाची, म्हणजे पाण्यात बुडी मारायला बनवलेल्या घड्याळाची, क्राऊन ट्यूब आपण घरीच बदलायची असं तुम्ही ठरवलंत, आता तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. घड्याळवाल्याकडे जायचे दिवस गेले हो. तो पैसे मागतो, आठवडाभर ठेवून घेतो आणि वर डोळ्यावरचं भिंग न काढता विचारतो, "आधी कुणी उघडलं होतं का?" एवढा अपमान कुणी सांगितलाय. त्यापेक्षा बारा मिनिटांचा व्हिडिओ बघावा, त्यातली पहिली चार मिनिटं तो माणूस स्वतःबद्दलच बोलतो म्हणून पुढे ढकलावा, ढकलताना नेमका कामाचा भागही पुढे जातो, जाऊ दे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी. क्राऊन म्हणजे आपली चावी, जिने वेळ लावतो ती. ट्यूब म्हणजे केसमधून बाहेर डोकावणारी एवढुशी नळी, तिच्यावर आटे असतात, त्या आट्यांवर चावी आवळली जाते. चावीच्या आत रबराचं बारीक वॉशर असतं ते या नळीला घट्ट धरून बसतं आणि पाणी अडवतं. आणि चावीपासून मशीनपर्यंत जाणारा स्टेम याच नळीतून आत जातो, म्हणजे पाण्याला मशीनकडे जायला सरळ रस्ता कुठला असेल तर हा. रोलेक्सने आवळायच्या चावीचं ऑयस्टर नावाचं घड्याळ आणलं १९२६ साली, तेव्हापासून मोठमोठे कारखाने या एका भोकाशी झटतायत. तुम्ही ते शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर उरकणार आहात. उत्तम.

मी स्वतः या कलेचा लाभार्थी आहे. दोन महिन्यांपूर्वी एका ग्रुपवर वोस्तोक अँफिबिया दिसलं, रशियन, चिस्तोपोलच्या कारखान्याचं, १९६७ पासून बनतंय ते मॉडेल, २०० मीटर, निळी डायल आणि डायलवर पाणबुड्याचं चित्र. किती वर्षं मनात होतं. खाली लिहिलेलं, "चावी थोडी लूज होती, घरीच ट्यूब बदलून एकदम पक्की केली आहे, २०० मीटर वॉटरप्रूफ, नो इश्यू." दिले साडेसहा हजार. पुढच्या महिन्यात मालवणला गेलो, किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. स्नॉर्केलिंग म्हणजे काय तर लाइफ जॅकेट घालून फळकुटासारखं तरंगायचं, घड्याळ पाण्याखाली गेलं असेल तर हातभर. बोटीत वर आलो तेव्हा पाणबुड्या धुक्यात उभा होता. रात्री लॉजवर बघतो तर काचेला आतून थेंब.

विकणाऱ्याला फोन केला, उचलला नाही. मेसेज केला, फोटो पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं, "दादा सोप्पं आहे, तुम्हीच करून घ्या", खाली व्हिडिओची लिंक आणि त्याखाली अंगठा.

अंगठा!

तर तो व्हिडिओ मी पूर्ण बघितला, आणि नंतर तुळशीबागेजवळच्या घड्याळवाल्या काकांनी ते घड्याळ उघडलं तेव्हा आत काय काय निघालं तेही बघितलं. दोन्हीवरून ही पद्धत तुम्हाला देतोय.

पहिलं म्हणजे निदान. चावीचे आटे सोडवले की ती लुळी पडते? इकडेतिकडे हलते? झालं, नळी गेली. विचारायचं कुणाला नाही. आपण घेतलेल्या घड्याळाबद्दल दोन ओळी वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे.

हत्यारं घरात असतात तीच. पकड, दाभण, आणि पोराच्या कंपास पेटीतलं कर्कटक. मागचं झाकण धरून ठेवणारी जी रिंग असते तिच्या खाचांत कर्कटकाची टोकं बसवायची आणि फिरवायचं. सटकणार. सटकलं की झाकणावर जो लांब ओरखडा उठतो त्याला जाहिरातीत "वापराच्या किरकोळ खुणा" म्हणतात.

नवीन नळी मागवताना माप बघू नका. बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, आट्यांचा पीच, हे सगळे आकडे शंकेखोर लोकांसाठी असतात. जिच्यापुढे "युनिव्हर्सल" लिहिलंय ती घ्या. भोक ते भोक. पार्सल कधी येईल ते मात्र विचारू नका, कस्टमचा विषय काढला की माझं बीपी वाढतं.

मशीन बाहेर काढायची गरज नाही, धातूचा कीस त्यालाही थोडा मिळू दे.

स्टेम तरी काढावाच लागतो म्हणा. त्यासाठी मशीनवर एक ठिपक्याएवढी जागा हलकेच दाबायची असते. हलकेच वगैरे सोडा, दाबा. आत कुठेतरी टक् करून काहीतरी जागचं हललं की समजायचं की आता डायल आणि काटे उतरवल्याशिवाय ते परत बसत नाही. पण तो प्रश्न पुढच्या मालकाचा.

जुनी नळी काढणं हा खरा पुरुषार्थ. काकांकडे यासाठी एक निमुळता, कडा असलेला पोलादी दांडा आहे, तो नळीत हळूच रुतवायचा आणि सरळ रेषेत पिळत बाहेर ओढायचा, नळी त्याच्याबरोबर येते, भोकाला धक्का नाही. आपल्याकडे पकड आहे. पकडीने नळी चिमटली की चपटी होते, चपटी झाली की तुटते, तुटली की अर्धी आत राहते, मग शेजाऱ्यांची ड्रिल मशीन आणायची, जिने त्यांनी परवा पडद्यांचे रॉड लावले तीच. भोक गोल असतं ते लंबगोल होतं. हरकत नाही, कारण पुढचा टप्पा सगळी पापं पोटात घालणारा आहे.

गोंद. साधा, पाच रुपयांचा, पानपट्टीपासून किराणावाल्यापर्यंत सगळीकडे लटकलेला असतो तो, झटकन चिकटणारा. व्हिडिओत तो माणूस म्हणतो "बस एक थेंब", आणि त्याच्या अंगठ्याला तर्जनी चिकटलेली स्पष्ट दिसते. आता बघा, धातूत धातूची नळी बसवायची तर त्यासाठी वेगळं रसायन मिळतं, लॉकटाइट ६३८ सारखं, ते हवा बंद झाली आणि धातू लागला की मगच घट्ट होतं, पूर्ण पक्कं व्हायला एक दिवस द्यावा लागतो, तोवर हात लावायचा नाही. एक दिवस! कोण थांबणार! आणि ते पण नळी मापाची असेल, भोक गोल असेल, सगळं तेलमुक्त पुसलेलं असेल तर, चावीच्या आट्यांवर किंवा वॉशरवर कणभर जाऊ न देता. तुमचा पाच रुपयांचा गोंद काय करतो माहितीय? त्याची वाफ निघते. बंद केसमध्ये ती वाफ जाते कुठे, तर काचेवर आतून, डायलवर, काट्यांवर पांढरी पावडर धरते. काकांनी झाकण काढल्यावर मला वाटलं समुद्राचं मीठ आहे. काका म्हणाले, "मीठ त्या पलीकडे, तो गंज दिसतोय ना तिथे. हा पांढरा तुमचा गोंद." तुमचा! माझा नाही हो काका! मी शपथेवर सांगत होतो आणि ते मान हलवत होते, जसे डॉक्टर हलवतात, "मी फक्त एकच घेतली होती" ऐकल्यावर.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. नळी तिरकी बसलेली. तिच्याभोवती गोंदाचा पिवळट गळू. आटे बाहेरून चकचकीत, पण चावीच्या वॉशरपेक्षा नळी बारीक, म्हणजे वॉशर तिला कुठे टेकतच नव्हतं, नुसतं शोभेला. स्टेम एका बाजूने घासून घासून काळा पडलेला आणि त्यावर तांबूस पूड. आणि सगळ्यात कहर म्हणजे चावीच्या आतसुद्धा गोंद भरलेला. तो का, ते मला कळेना. काका खो खो हसायला लागले. म्हणाले, "अहो, या रशियन घड्याळाची चावी लुळीच असते. मुद्दाम ठेवलीय. चावी आणि स्टेमच्या मध्ये सैल कपलिंग आहे, वरून चावीला फटका बसला तरी तो आत मशीनला लागू नये म्हणून. कारखान्यातून नवीन आलं तरी अशीच हलते. तुमच्या माणसाने ती हलू नये म्हणून चिकटवून टाकलीय."

म्हणजे काहीही बिघडलेलं नव्हतं. शून्य. नळी चांगली होती, चावी चांगली होती, ज्या घड्याळाला काही झालं नव्हतं ते दुरुस्त केलं गेलं. यात तीन ट्यूब आल्या, एक घड्याळाची, दीडशेची, एक गोंदाची, पाच रुपयांची, आणि तिसरी माझ्या डोक्यातली, ती पेटायला साडेसहा हजार लागले.

मशीन काढून काकांनी रिकामी केस तपासली तेही सांगतो कारण पुढचा सल्ला त्याच्यावर आहे. काचेसारख्या जाड नळकांड्यात अर्धं पाणी. केस वरच्या हवेत लटकवायची, हातपंपाने हवेचा दाब वाढवायचा, थोडा वेळ थांबायचं, मग केस पाण्यात सोडायची आणि दाब हळूहळू कमी करायचा. कुठे गळती असेल तर आत गेलेली हवा तिथून बाहेर येते. पहिल्यांदा एक बुडबुडा, मग दोन, मग चावीच्या बुडापासून जी सर लागली ती गरम तेलात भजं सोडल्यासारखी. काकांनी तोंडाने "च्" केलं. बास, एवढंच.

तुम्ही अर्थातच चाचणी बेसिनमध्ये करा. नळ सोडा, घड्याळ धरा, "वॉटरप्रूफ" म्हणा. एक साधी चाचणी घरीही होते, घड्याळ ४०-४५ अंशापर्यंत कोमट करायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसून बघायचं आत धुकं धरलंय का, डायव्हर घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकात हेच आहे, खर्च शून्य. पण त्यात उत्तर खरं मिळण्याचा धोका असतो.

पाणी गेलंच तर तांदळात ठेवा. मी ठेवलं, खोटं कशाला बोलू. तीन दिवस कोलमच्या डब्यात. आईने विचारलं ते तांदूळ शिजवायचे का टाकायचे. काका म्हणाले, "शिजवले असतेत तर निदान पोट भरलं असतं." खारं पाणी शिरलं की त्याच दिवशी उघडून साफ करायला हवं होतं, तीन दिवसांत बारीक स्क्रू गंजून बसले. हे माझं चुकलं, याला तो विकणारा जबाबदार नाही.

आणि शेवटची पायरी, विका. फोटो उजव्या बाजूने काढू नका, चावी तिकडे असते. किंमत थोडी जास्तच ठेवा, "घरी काम केलंय" म्हणजे प्रेमाने सांभाळलंय. २०० मीटर लिहायला विसरू नका, डायलवर छापलेलंच आहे की, गोंदाने ते थोडंच पुसतं. खरेदीदार भांडला तर लिंक पाठवा. आणि अंग

नाही, बास झालं. मला नाही जमत आता हे.

अरे, घरी उघड ना घड्याळ, कोण नको म्हणतंय! तुझं घड्याळ, तुझे पैसे, फोड, चिकटव, शिकशील. मीही दोन एचएमटी मारली आहेत शिकताना, एकाचा काटा अजून कपाटाखाली असेल कुठेतरी. शिकताना मरतात घड्याळं. पण ते उघडल्यावर, ड्रिल मारल्यावर, गोंद ओतल्यावर त्याच्यावर २०० मीटर लिहून लोकाला विकायचं? एकदा तरी पाण्यात बुडवून बघितलं होतंस का रे? २०० मीटर म्हणजे २० बार दाब, तुझ्या नळीला लाटेचं पाणी झेपलं नाही. "ट्यूब मी बदलली आहे, दाब तपासलेला नाही, पाण्यात नेऊ नका" एवढं एक वाक्य टाइप करायला काय झालं होतं? मी तरी घेतलं असतं ते, दोन हजार कमी देऊन घेतलं असतं, काकांकडून नीट करून घेतलं असतं, आणि पाणबुड्याला कोरडा ठेवून तुझं नाव चांगलं घेतलं असतं. मी तुला फोटो पाठवले, गंजाचे, थेंबांचे, आणि तू अंगठा पाठवतोस. लाज नाही वाटत?

मशीन काकांकडे आहे. वाचेल असं म्हणत नाहीत, नाही असंही म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. केसचं भोक भरून परत गोल करता येतं का तेही बघतायत.

आणि काल रात्री त्याच ग्रुपवर त्याचं नवं घड्याळ आलंय विकायला. तेच मॉडेल, हिरवी डायल. "चावी हलत होती, ट्यूब बदलून पक्की केली आहे, आता अजिबात हलत नाही."

हलायलाच हवी रे ती, गाढवा. हलायलाच हवी.