खोका मोठाच घ्या

अख्खा देश मोबाइलवरून खरेदी करतोय आणि तुम्ही अजून गल्ल्यावर बसून सुटे पैसे शोधताय? आजच एखाद्या शॉपिंग साइटवर विक्रेता म्हणून नोंदणी करा. फक्त हिशेब करू नका, त्याने उमेद खचते.

सुरुवात खोक्यापासून. कुर्ता २०० ग्रॅमचा असला तरी त्याला ३०×२५×२० सेंटीमीटरचा ऐसपैस खोका द्या. कुरियरवाले सहसा या तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात आणि उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं, तर भाडं त्यावर लावतात. इथे उत्तर येतं ३ किलो. म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम शुद्ध हवा तुम्ही पदरचे पैसे भरून पाठवलीत. तोच कुर्ता चापून घडी घालून कुरियर बॅगेत घातला, तर काम अर्ध्या किलोच्या आत भागतं. पण मग छाप काय पडणार?

किंमत लावताना कमिशन, ठरावीक शुल्क, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि जाहिरातीवरच्या दर क्लिकचे पैसे विसरून जा. साइटवाली मंडळी आपला वाटा आपणच कापून घेतात. जीएसटीपोटी टीसीएस ०.५ टक्के आणि आयकरापोटी टीडीएस ०.१ टक्का आगाऊ कापला जातो, तो विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. तुम्ही मागू नका. सरकारला उगाच वाईट वाटेल.

कॅश ऑन डिलिव्हरी सगळ्यांना खुली ठेवा, पत्त्यात नुसतं ‘देवळामागे’ लिहिलं असलं तरी. ऑर्डर पक्की करायला फोन तर मुळीच नको. स्वतःच्या वेबसाइटवर विकत असाल, तर नाकारलेल्या पार्सलचं जायचं आणि यायचं, दोन्ही भाडी तुमचीच.

मापांचा तक्ता टाकू नका. ग्राहक एम आणि एल दोन्ही मागवेल, एक परत करेल. परत आलेलं पाकीट आधी फोडा, मग कॅमेरा सुरू करा. लेबलवरचा क्रमांक, न फुटलेलं सील आणि आतला माल एकाच सलग व्हिडिओत दिसला, तर कुर्त्याऐवजी निघालेल्या जुन्या चादरीची भरपाई मिळण्याचा धोका असतो.

दिवाळी सेलसाठी तिप्पट माल उधारीवर उचला. ग्राहकांनी परत केलेला माल सेल संपल्यावर येतो, तोवर घाऊक व्यापाऱ्याचा फोन घेऊ नका. तसाही तो कामात असेल: तोच कुर्ता, तुमचेच फोटो लावून, तुमच्यापेक्षा २० रुपये कमी भावाने तो स्वतः ऑनलाइन टाकतोय.