संस्कृती जागतिकीकरणाने संपवली? गोव्यापुरतं उत्तर

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. म्हणणं असं: बाहेरच्या जगापासून दूर होती तोवर आपली संस्कृती शुद्ध होती, जागतिकीकरणाने ती बाटवली, तरुणांना तिचं सोयरसुतक नाही, आणि यावर आता इलाज नाही.

पहिलं, ‘दूर होती’. कधी? काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर आला, मिरचीही त्यांनीच आणली. तिच्याशिवाय आपलं हुमण, म्हणजे माशांची आमटी, होत नाही. काजूच्या परक्या झाडाच्या बोंडवांचा रस काढून, भाटी लावून, आधी हलकं हुर्राक आणि मग कडक फेणी गाळायची रीत इथल्याच माणसांनी बसवली, आणि २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. तियात्राचं, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाचं, तर जन्मस्थानच मुंबई. १८९२ साली, इटालियन ऑपेराच्या प्रभावातून, पोटासाठी तिथे गेलेल्या गोंयकारांनी तो उभा केला. मांडो या गोव्याच्या गाण्यात व्हायोलिनशेजारी आपलं मातीचं वाद्य, घुमट, वाजतं. यातलं काय काढून टाकलं की संस्कृती ‘शुद्ध’ होईल, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

दुसरं, ‘बाटवली’. गोव्याने खरी जबरदस्ती पाहिली आहे. पोर्तुगीज राजवटीत इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० साली सुरू झालं. देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला न्यावी लागली. १७३६ च्या फर्मानाने तुळस लावणं, एकादशी धरणं, लग्नात ओव्या म्हणणं यांवर बंदी घातली. पुष्कळ गेलं, ते परत आलं नाही. तरी ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा विधी, रोस, आजही होतो. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो बर्गर आणि रील यांना संस्कृतीचे मारेकरी म्हणणार नाही.

तरुणांबद्दल फार लिहायला नको. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत व्रत धरून अग्निदिव्य करणारे धोंड पाहा, फोंड्याच्या शिगम्यातला (होळीच्या सणातला) रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची नाचती मिरवणूक, पाहा. ढोल-ताशे कोणाच्या खांद्यावर असतात?

शेवटचं म्हणणं मला सगळ्यात घातक वाटतं: ‘इलाज नाही’. काहीतरी निसटतंय ही त्या मेसेजमागची कळ खरी आहे, तीच मलाही आहे. गणपतीच्या डोक्यावर फळा-फुलांनी सजवून टांगतात त्या माटोळीला कांगलां, माट्टुळ्यो, आंबाडे अशी फळं लागतात, आणि रानातलं जे ते डोंगरउतारावरूनच येतं. तो उतार व्हिलांसाठी कापला की माटोळी बाजारातून विकत आणावी लागते, आणि कुठलं फळ कुठल्या झाडाचं हे पोरांना सांगणारं कोणी उरत नाही. खाजन शेतीचंही, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचंही, तेच. बांध फुटला, मानस (पाणी अडवणारी झडप) कोणी सांभाळली नाही, की खारं पाणी शेतात शिरतं. शेत पडीक राहतं आणि मग ते ‘पडीकच आहे’ म्हणून विकायला काढतात.

याला जागतिकीकरण म्हटलं की जबाबदार कोणीच राहत नाही, म्हणून मला तो शब्द इथे नको आहे. २०२४ साली गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात ३९अ कलम आलं आणि कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यातला एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट त्याने मोकळी केली. अशा प्रत्येक बदलाला सर्व्हे नंबर असतो, मालक असतो, मंजुरीची सही असते. ग्रामसभेत उभं राहून तो नंबर विचारता येतो, लेखी हरकत घेता येते, कोर्टात जाता येतं, आणि गोव्यात लोक हे तिन्ही करत आले आहेत.