माळ, दाभोलकर आणि तुमचा ‘दुटप्पीपणा’

साहेब, वारीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘एकीकडे दाभोलकर, दुसरीकडे गळ्यात माळ. मास्तर, आधी एक काय ते ठरवा, दुटप्पीपणा पुरे.’ शिवाय वारीमागे राहणारी घाण, अडणारे रस्ते, लेखाची लांबी. घाणीचं खरं आहे, मान्य. बाकीचं सोडून देतो.

‘दुटप्पी’ मात्र सोडणार नाही. तेही टोपणनावाआडून! मतभेद आहे तर मांडा की. ‘मास्तर’ म्हणून हिणवता कशाला?

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितोय म्हणून आमच्या आळीत रांग लागली होती. तेव्हा मी ओट्यावर वरवंटा उभा करून त्याला चमच्याने दूध पाजत होतो. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते कळत नाही, काळ्या दगडावर लख्ख दिसतं. शेजारच्या काकांनी तेव्हापासून बोलणं टाकलं. आणि माझी माळकरी आजी? ‘दूध नासवतायत मेले,’ म्हणाली आणि आमच्या घरचं दूध तिने चहाला लावलं. वारी तिने चुकवली नाही, पण आम्हाला ताप आला तर अंगारा न लावता सरकारी दवाखान्यात न्यायची. माळ मला तिच्याकडून आली. चिकित्साही तिच्याचकडून. ह्यात दुटप्पी कोण, तुम्हीच सांगा.

आता दाभोलकर. त्यांच्या अंनिसचा, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते जाहीर सभांतून सांगत. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला. त्यातही यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. ज्यांच्या नावाने मला झोडपताय, त्यांचं म्हणणं निदान वाचून तरी यायचं!

विठ्ठल आहे हे मला सिद्ध करता येत नाही आणि वर्गात मी तसा दावा कधी केला नाही. पण रोग बरा होतो, नवसाने मूल होतं, असं कुणी म्हणालं की ते तपासायचं, मग म्हणणारा आमच्याच दिंडीतला का असेना. एका कीर्तनकाराने मधुमेहाच्या गोळ्या बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा भर कीर्तनात उभा राहून मी हरकत घेतली होती. पुढे पंढरपूरपर्यंत पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसेना. तेव्हा तुम्ही कुठे होता, देव जाणे. (हो, मुद्दामच म्हटलं.)

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या. टोमणे असतील तर काढून टाकीन, आधीच सांगून ठेवतो.