चादर माझी, आठवण त्याची
सोलापुरी चादर होती, निळ्या चौकड्यांची, अन् आता ती माझ्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात गडचिरोलीतल्या वडशाजवळच्या एका गावात मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेनिमित्त, नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक म्हणजे रात्री दहा-साडेदहाला सुरू अन् उजाडल्यावर घरी, चादर नसली तर माणसाची कुल्फी होते. पण झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हापासून प्रत्येक पोट्ट्याला वाटते आपणही काहीतरी वेगळं करावं. या नाटकात ना लावणी, ना व्हिलन, पात्रं दोनच. बाई म्हणते आपण २० वर्षांआधी पुलगाव स्टेशनवर भेटलो होतो, माणूस म्हणते मी पुलगावला उतरलोच नाही. दोन तास तेच. मागून एक जण ओरडलाही, "बाकीचे कलाकार जेवाले गेले का बे?"

मला मात्र आवडून राहिलं होतं. तेवढ्यात बाजूचा म्हातारा म्हणतो, "बाबू, माही चादर दे."

"काकाजी, ही माझी आहे."

"तुही कशी? २०१६ च्या शंकरपटात तूच तं नेली. कुडकुडत होता."

शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. म्हटलं सापडला! "काकाजी, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं पट बंद केले ते २०२१ पर्यंत बंदच होते."

"तेच तं सांगून रायलो. चोरून होता, म्हणून रातच्याला होता."

यावर काय बोलणार? वरून त्यानं कोपरा उलटून दाखवला, "हे भोक पाय. शेकोटीची ठिणगी. शिवून देतो म्हणला होता तू." भोक होतं खरं. मी आजवर समजत होतो मच्छर अगरबत्तीचं आहे. बायकोला फोन लावून विचारलं असतं, पण तिच्या मते घरातली सगळीच भोकं माझी.

पुढची बाई वळून म्हणे, "देऊन टाका नं जी, म्हातारा माणूस हाय, नाटक आयकू द्या." म्हणजे कुर्सीचं तिकीट काढून चोर मीच. हे बाकी आपल्याकडचं डोक्यात जाते, समोरचा म्हातारा असला की कागद-पुरावा सगळं गेलं चुलीत. दिली. तर म्हणे, "अन् शिलाईचे पन्नास?" सुट्टे नव्हते, शंभर गेले.

शेवटी स्टेजवरची बाई काय बोलली ते माझेच दात वाजत होते म्हणून ऐकू आलं नाही.

काल तो वडशाच्या बसस्टँडवर दिसला, चादर खांद्यावर, भोक तसंच. समोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं, "काकाजी, ओळखलं का?"

बराच वेळ निरखून पाहिलं त्यानं.

"नाई जी. कोण तुमी?"