फक्त ४६?

नवं बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम, आलं रे आलं की पहिल्या पाच मिनिटांत कुरकुर सुरू करा. उशीर केलात तर दुसरा कुणीतरी करून मोकळा होतो आणि तुमच्यातला जाणकार तसाच राहून जातो.

समजा, स्टॉकफिशची नवी आवृत्ती आली. हे इंजिन फुकट मिळतं, त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, आणि जगभरातली हौशी मंडळी ते पदरचा वेळ घालून घडवतात. आपण एक छदामही दिलेला नसल्यामुळे ग्राहक म्हणून आपला हक्क अर्थातच दुप्पट. त्यांच्याकडे एकेक किरकोळ बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पारखला जातो. त्याला वेळ लागतो. लागू दे, तो त्यांचा प्रश्न.

पहिली विचारणा एलोची, म्हणजे खेळाची ताकद मोजणाऱ्या रेटिंगच्या गुणांची. उत्तर घोषणेत ठळकपणे असतं, म्हणून घोषणा वाचायची नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सतरावी आवृत्ती आली तेव्हा सोळावीपेक्षा ४६ एलोपर्यंत वाढ, असं त्यांनी लिहूनच टाकलं होतं. अशा वेळी "फक्त ४६?" एवढंच म्हणावं. माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२, आणि इंजिनं त्याच्याही कितीतरी वर. त्या उंचीवरचे ४६ गुण नेमके आपल्यालाच कमी पडत होते, हे ठसवता आलं पाहिजे. आपण १३४० वर आहोत हा विषय काढू नये.

मग डाउनलोड. तिथे प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळ्या फाइली असतात. आपला प्रोसेसर कुठला हे बघत बसण्यापेक्षा सगळ्यात भारी दिसणारी घ्या. चालली नाही तर "क्रॅश होतंय, कुणी लक्ष देणार आहे का?" हे वाक्य तयार असू द्या. चाललीच, तर डबल क्लिक केल्यावर एक काळी खिडकी उघडते. त्यात एकच ओळ: इंजिनाचं नाव आणि निर्मात्यांचा उल्लेख. पट नाही, घोडा नाही, उंट नाही. (पट दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा घ्यावा लागतो, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय, पण आपल्याला व्यक्तिशः कुणी सांगितलंय का?) मी त्या खिडकीत रागानं 'हॅलो' टाइप केलं होतं. 'अनोळखी आज्ञा' अशा अर्थाचं उत्तर इंग्रजीत आलं. ग्राहकाशी बोलायची ही पद्धत?

जुन्या आवृत्तीचं काय बिघडलं होतं, असं विचारणारे अडाणी भेटतील. २००६ मध्ये जर्मनीत बॉनला डीप फ्रिट्झ या इंजिनानं जगज्जेत्या क्रामनिकला ४-२ असं हरवलं. त्या इंजिनाला आज कुणी हिंग लावून विचारत नाही. ते आपल्याला अजूनही चहा होईपर्यंत मात देईल, पण त्याच्याकडून हरण्यात प्रतिष्ठा नाही. हरायचं तर ताज्या आवृत्तीकडून.

त्या सामन्यातली एक गोष्ट मात्र जपून ठेवा. दुसऱ्या डावात क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नव्हती. शनिवारी क्लबात आठवीतली पोर आपला राजा मागच्या रांगेत कोंडून हत्ती टेकवते आणि "काका, मात" म्हणते, तेव्हा हे उपयोगी पडतं. क्रामनिकचं नाव घ्या, हात मिळवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, "मी अजून सोळाव्या आवृत्तीवरच आहे ना."